शेवटच्या खाचराचं पाणी: गल ओयाच्या डाव्या कालव्याचं प्रकरण

१९९७ च्या कोरड्या हंगामाच्या तोंडावर श्रीलंकेतल्या गल ओया प्रकल्पाच्या डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्यांना सांगण्यात आलं, की यंदा भाताचं नाव काढू नका, धरणात तेवढं पाणी नाही. सांगणाऱ्या अभियंत्यांनी हे मनाने ठरवलेलं नव्हतं. साठा मोजून, एकराला किती पाणी लागतं याचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडूनच ते बोलत होते. त्या हंगामात तिथे सुमारे ६५,००० एकरांवर भात झाला आणि उतारा सरासरीहून चांगला पडला.

भाताची उत्पादकता म्हटलं की आपण बियाणं, खत, कीडरोग यांच्यापासून सुरुवात करतो. त्यात चूक काही नाही. पण गल ओयाचं प्रकरण वाचताना या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट नजरेत भरते. छोट्या शेतकऱ्याचा भात पाण्याने वाढतो, तेवढाच पाण्याच्या खात्रीने वाढतो. ती खात्री एकटं धरण देऊ शकत नाही. ती चारीवरच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या पाटावरच्या, शेजाऱ्याच्या हातात असते.

धरण झालं, गाव झालं नाही

स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४९ मध्ये, पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या सरकारने गल ओया विकास मंडळ स्थापन केलं. इंगिनियागल इथे धरण बांधलं गेलं आणि त्याच्या जलाशयाला नाव पडलं सेनानायक समुद्र. पोलोन्नरुवाच्या पराक्रमबाहूने बाराव्या शतकात बांधलेल्या जलाशयालाही पराक्रम समुद्र म्हणतात. मोठ्या तळ्याला समुद्र म्हणायची त्या देशाची जुनी रीत आहे. हा भाग पूर्वेकडचा, कोरड्या पट्ट्यातला. ईशान्य मोसमी पावसावर ‘महा’ हंगाम निघतो. साधारण एप्रिल ते सप्टेंबरचा ‘याल’ हंगाम मात्र धरणाच्या पाण्यावरच.

नव्या ओलिताखाली दाटीच्या जिल्ह्यांमधून भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबं आणून वसवली गेली. कालव्याच्या वरच्या भागात, म्हणजे हेडला, मुख्यतः सिंहली वसाहती झाल्या. खाली, समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला, टेलकडे तमिळ शेतकरी होते. जून १९५६ मध्ये याच खोऱ्यात वांशिक दंगल उसळली. म्हणजे हेड आणि टेल यांच्यातलं एरवीचं पाण्याचं भांडण इथे भाषेच्या आणि वंशाच्या रेषेवरच येऊन बसलं.

हेडच्या वसाहतींतही सगळं आलबेल नव्हतं. वेगवेगळ्या गावांतून उचलून आणलेली माणसं एका चारीवर शेजारी झाली. त्यांच्यात नातं नव्हतं, ओळख नव्हती, एकमेकांचा शब्द पाळायचं काही कारण नव्हतं. जुन्या तळ्यांच्या गावांत पाणी सांभाळायला ‘वेल विदाने’ हा मानकरी असे. तळं अर्धंच भरलं, तर ‘बेत्म’ची प्रथा होती: तळ्याजवळची थोडीच जमीन त्या हंगामापुरती सगळ्यांत वाटून घ्यायची, म्हणजे खालच्याचं शेत कोरडं राहिलं तरी त्याची चूल पेटेल. वेल विदानेचं पद १९५८ च्या भातजमीन कायद्याने गेलं आणि त्याच्या जागी समित्या आल्या. बेत्मसारखी प्रथा कागदावर आणता येत नाही. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख लागते, आणि वसाहतीत नेमकी तीच नव्हती.

१९८० पर्यंत डाव्या कालव्याची अवस्था देशातल्या सर्वांत वाईट योजनांत गणली जात होती. नियंत्रणाची बहुतेक दारं मोडलेली किंवा गायब. काही चाऱ्या दहा-वीस वर्षं साफच झालेल्या नव्हत्या. मूळ वसाहतकऱ्यांची पोरं मोठी झाली, जमिनीच्या वाटण्या झाल्या, कालव्याकाठच्या राखीव जागाही ओलिताखाली आल्या. याल हंगामात टेलला पाणी जवळजवळ पोचतच नसे.

चारीवर अविश्वास कसा काम करतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण उत्पादकतेचा खरा प्रश्न या चारीवरच आहे.

एका चारीवर दहा ते वीस शेतकरी. पाणी केव्हा येईल, किती दिवस टिकेल, हे कुणालाच माहीत नाही. मग पहिला शेतकरी काय करतो? पाणी आलं की आपलं खाचर काठोकाठ भरून घेतो. गरज बोटभर असली तरी वीतभर भरतो, कारण पुढचं आवर्तन येईलच याचा भरवसा नाही. बांधावरून वाहून गेलेलं पाणी नाल्याला जातं. दुसरा रात्री कंदील घेऊन येतो आणि पहिल्याने चारीत घातलेला मातीचा आडवा बांध फोडतो. तिसरा चारीलाच बाजूने भोक पाडतो. चारी साफ करायला कुणी उतरत नाही, आणि त्यामागचा विचार अगदी सरळ आहे: वरच्याला गाळ काढून फायदा नाही, त्याला पाणी मिळतंच, खालच्याने गाळ काढला तरी वरचा पाणी सोडेल याची हमी नाही. यातला एकही माणूस मूर्ख नाही की दुष्ट नाही. प्रत्येकाचं वागणं त्याच्या जागी शहाणपणाचंच आहे.

आता याचा भातावर काय परिणाम होतो ते बघा. पूर्व श्रीलंकेत बहुतेक भात रोप लावून होत नाही. चिखलणी करून मोड आलेलं बी फेकून पेरतात. पेरणीच्या वेळी खाचरात पाणी साचून चालत नाही, आणि बी रुजल्यावर मात्र पातळ पाणी वेळेवर लागतं. पहिल्या आठ-दहा दिवसांत हा मेळ चुकला, तर विरळ उगवण आणि मुबलक तण हे ठरलेलं. चिखलणीचं तर त्याहून मोठं आहे. जमीन भिजवून चिखलणी करायला एरवी १५० ते २०० मिलिमीटर पाणी पुरतं. पण शेजारीपाजारी आपापल्या सवडीने नांगर घालत राहिले आणि ही कामं महिना-दीड महिना रेंगाळली, तर तोच आकडा ६५० ते ९०० मिलिमीटरपर्यंत चढू शकतो, कारण तेवढे दिवस चारी वाहती ठेवावी लागते आणि पाणी झिरपत, उडत राहतं. म्हणजे सगळ्यांनी मिळून पंधरवड्यात चिखलणी उरकली, तर एक थेंबही नवं पाणी न आणता कितीतरी पाणी हातात उरतं. भातशेतीतली ही मला माहीत असलेली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड बचत आहे. स्वस्त, कारण तिला पैसा लागत नाही. अवघड, कारण एकट्याला ती करताच येत नाही.

पुढची गोष्ट खताची. पाण्याचा भरवसा नसलेला शेतकरी युरियाचा दुसरा हप्ता टाकायला कचरतो, आणि बरोबरच करतो. खाचर कधी सुकतं, कधी भरतं, अशा हेलकाव्यात नत्राचा बराच भाग हवेत उडून जातो. भात पोटरीत असताना आणि निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, ताण बसला, तर परागीभवन फसतं, लोंबी पांढरी पडते, दाणे पोचट निघतात. हेडचा भात आधी पेरलेला, टेलचा तीन-चार आठवडे मागे. हंगामाच्या शेवटी धरण खाली जातं तेव्हा टेलचा भात नेमका निसवत असतो. त्या शेतकऱ्याने उत्तम बियाणं घेतलं होतं, चार खुरपण्या केल्या होत्या, हे सगळं त्या आठवड्यात मातीमोल होतं. कृषी खात्याच्या नोंदीत मात्र ‘उत्पादकता कमी’ एवढंच लागतं.

आधी काम, मग संस्था

१९७९ मध्ये अमेरिकेच्या मदतीने गल ओया जलव्यवस्थापन प्रकल्प सुरू झाला. भर बांधकामावर होता: कालवे दुरुस्त करा, दारं बसवा, मोजमाप आणा. शेतकरी संघटनाचा एक छोटा भाग त्यात होता आणि तो कोलंबोच्या कृषिविषयक संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे आला. सोबतीला अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ, आणि तिथले राज्यशास्त्रज्ञ नॉर्मन अपहॉफ. कल्पना त्यांनी फिलिपीन्सकडून घेतली होती. तिथल्या राष्ट्रीय सिंचन प्रशासनाने १९७६ पासून लाउर इथे पाणीवापर संस्था उभ्या करण्याआधी गावात राहणारे संघटक पाठवून पाहिले होते.

मार्च १९८१ मध्ये तीसेक तरुण पदवीधर डाव्या कालव्यावर राहायला गेले. त्यांना ‘संस्था संघटक’ म्हणत. सल्ला द्यायला, भाषण करायला किंवा अनुदान वाटायला त्यांना पाठवलेलंच नव्हतं. सांगितलं होतं ते असं: घराघरांत जा, चारीवरून चालत फिरा, प्रत्येकाला विचारा की पाण्याचं नेमकं काय अडतं; मग एका चारीवरच्या लोकांना एकत्र बसवा आणि त्यांनीच निवडलेलं एखादं काम लगेच करू द्या. सभासद फी नाही, घटना नाही, पदाधिकारी नाहीत. संस्था हवी असं लोकांना स्वतःहून वाटेपर्यंत संस्थेचं नाव काढायचं नाही. आधी काम, मग संस्था.

वेळ वाईट होती. धरण जेमतेम पाव भरलेलं. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना वाटत होतं, की इथे दहा-पंधरा शेतकरी एकत्र आले तरी खूप झालं. सहा आठवड्यांत त्या भागातले ९० टक्क्यांहून अधिक शेतकरी तीनपैकी काहीतरी करत होते: श्रमदानाने चाऱ्या साफ करणं, पाळी लावून पाणी घेणं, आणि वाचलेलं पाणी खालच्यांसाठी सोडून देणं. श्रमदान हा शब्द मी भाषांतर म्हणून वापरलेला नाही. सिंहलीतही तो हाच आहे, आणि ते हाच शब्द बोलत होते.

या तिसऱ्या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो. टंचाईच्या वर्षी माणूस हात आखडता घेतो, असं आपण गृहीत धरतो. इथे टंचाईनेच माणसं जवळ आली. मला याचं कारण असं दिसतं: पाण्याचा सुकाळ असता तर हेडच्या शेतकऱ्याला सभेला यायचं काही कारणच नव्हतं. शिवाय चारी साफ झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पाळीने, ठरलेल्या वेळी पाणी आलं तर आपलं कमी पाण्यात भागतं. उरलेलं पाणी खाली सोडल्याने त्याचं काही कमी होत नव्हतं, आणि चार माणसांत मान वाढत होता. स्वार्थ आणि परमार्थ इथे एकाच चारीतून वाहत होते. त्यांना वेगळं करून मोजायचा आग्रह मला व्यर्थ वाटतो.

रचना नंतर हळूहळू उभी राहिली. प्रत्येक चारीचा गट, त्याचा एक शेतकरी प्रतिनिधी. त्याला मानधन नाही. त्याची निवड मतदानाने करायची नाही, सगळ्यांच्या संमतीने करायची, कारण मतदान आलं की पक्ष येतो आणि चारीचे दोन तुकडे होतात. त्यावर वितरिकेची संघटना, त्यावर विभागाच्या परिषदा आणि वर प्रकल्प समिती. तिथे प्रतिनिधी अभियंत्यांच्या समोर बसू लागले. मला यातला सर्वांत महत्त्वाचा मजला खालचाच वाटतो. पंधरा माणसं एकमेकांचं खाचर रोज बघतात. कुणी पाळी मोडली, की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यासाठी दंडाची पावती लागत नाही.

अभियंतेही बदलले, आणि याची दखल घ्यायलाच हवी, कारण अशा कहाण्यांत त्यांना खलनायक करून मोकळं होणं सोपं असतं. सुरुवातीला त्यांना शेतकरी म्हणजे दारं मोडणारे, पाणी चोरणारे वाटत. संघटकांमुळे ते चाऱ्यांवर शेतकऱ्यांबरोबर फिरले. कुठे जमीन उंच आहे, कुठलं दार चुकीच्या जागी आहे, हे नकाशात नसलेलं त्यांना बांधावर समजलं. दार का मोडलं जातं याचं उत्तर पुष्कळदा असं निघालं, की ते जिथे बसवलं आहे तिथून पाणी चढतच नाही.

अपहॉफ यांच्या मांडणीप्रमाणे पहिल्या दोनेक वर्षांतच, कालव्याची मोठी दुरुस्ती होण्याआधी, पाणीवापराची कार्यक्षमता जवळजवळ दुप्पट झाली. नंतर बांधकामही झालं, त्यामुळे पुढच्या वाढीत काँक्रीट किती आणि माणसं किती, हे कुणी काटेकोर वेगळं करू शकणार नाही. पण आधी काय झालं आणि नंतर काय, हा क्रम माझ्या दृष्टीने पुरेसा बोलका आहे.

संघटकांचं काय झालं

कामाचा कणा असलेली ही मुलं-मुली हंगामी करारावर होती. शासनाने पदवीधरांना शिक्षकाच्या कायम नोकऱ्या देऊ केल्या, तेव्हा त्यांना निवड करावी लागली. एकीकडे पेन्शनची नोकरी, दुसरीकडे सायकलवरून चाऱ्या फिरण्याचं, पुढच्या वर्षी असेल-नसेल असं काम. १९८५ पर्यंत बहुतेक सगळे निघून गेले. नवी तुकडी यायची, शिकायची, आणि तीही जायची. मी त्यांना दोष देत नाही. घरी वाट पाहणारे आईवडील असलेल्या पंचविशीतल्या पोराने दुसरं काय करावं? पण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सिमेंटला पुरेसे पैसे असतात आणि माणसं जोडणाऱ्या माणसाला कायम पद नसतं, याची मला खरोखर चीड येते. ही चूक पुढेही कितीतरी प्रकल्पांत झाली आहे.

तरी काम कोसळलं नाही. मला वाटतं, याचं श्रेय ‘आधी काम’ या क्रमाला जातं. संघटकाने समिती बनवून दिली असती, तर त्याच्याबरोबर समितीही गेली असती. इथे पाळी लावायची सवय शेतकऱ्यांची स्वतःची होती, आणि प्रतिनिधी चारीवरचाच होता, तो कुठे जाणार! १९८८ मध्ये श्रीलंकेने मोठ्या सिंचन योजनांसाठी सहभागी व्यवस्थापनाचं धोरण स्वीकारलं. १९९१ च्या दुरुस्तीने शेतकरी संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली. कायदा दहा वर्षं उशिरा आला, आणि या प्रकरणात ते बरंच झालं.

उणिवाही होत्या. वसाहतीची जमीन कायद्याने एकाच वारसाकडे जायची. ती बहुधा मुलाकडे गेली, त्यामुळे परवानाधारकांच्या सभेत बायकांचा आवाज कमीच राहिला. खरं तर तण काढणं, कापणी, मळणी यात त्या खांद्याला खांदा लावून असतात. बिनपरवाना किंवा वाटणीच्या तुकड्यावर कसणाऱ्याचं चारीवर नेमकं स्थान काय, हा प्रश्नही संघटना होताच सुटला असं नाही.

१९९७ कडे परत

हंगामाआधी श्रीलंकेत शेतकरी आणि अधिकाऱ्यांची ‘कन्न’ सभा भरते. पाणी कधी सोडायचं, कधी बंद करायचं, किती मुदतीचा भात घ्यायचा, हे तिथे ठरतं. सोळा वर्षांपूर्वी अशा सभेत अधिकारी सांगत आणि लोक ऐकून घरी जात. १९९७ मध्ये शेतकऱ्यांकडे ‘पाणी पुरणार नाही’ याला उत्तर होतं.

अभियंत्यांचा हिशेब एकराला लागणाऱ्या पाण्याच्या आकड्यावर उभा होता, आणि तो आकडा आधीच्या हंगामांतून आलेला होता. रेंगाळलेली चिखलणी, काठोकाठ भरलेली खाचरं, रात्री फोडलेले आडवे बांध, नाल्याला गेलेलं पाणी, हे सगळं त्यात मुरलेलं. म्हणजे ‘भाताची गरज’ या नावाखाली जे पाणी मोजलं जात होतं, त्यातलं बरंचसं अविश्वासाचं पाणी होतं. तेवढं वजा केलं, तर साठा पुरण्याजोगा होता. हे वजा करणं कुठल्याही खात्याच्या हातात नव्हतं. ते चारीवरच्या गटांनाच करता येण्यासारखं होतं, आणि पाळी, वेळ, काटकसर सांभाळत त्यांनी ते केलं. अपहॉफ आणि सी. एम. विजयरत्न यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या हंगामाची हकिकत आहे, आणि पाणी काटेकोरपणे व न्याय्य वाटलं गेल्यामुळेच हे पीक निघालं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

त्या वर्षी देशात यादवी युद्ध ऐन भरात होतं आणि पूर्वेकडचा हा सारा भाग त्याच्या छायेत होता. दार खाली करून पाणी अडवायला हेडच्या सिंहली शेतकऱ्याला कुणी अडवलं नसतं. कारणंही हाताशी तयार होती. त्यांनी पाणी खाली जाऊ दिलं. टेलच्या तमिळ शेतकऱ्यांचा भात निसवत असताना त्यांच्या खाचरांत पाणी होतं.